तिच्या प्रश्नांचा तक्ता

आमच्या कंपनीत नवा माणूस रुजू झाला की त्याला एक खोकं मिळतं. खोक्यात कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, पाण्याची बाटली, कशावर चिकटवायचे ते कुणालाच माहीत नसलेले स्टिकर आणि एवढ्याशा कुंडीत लावलेलं मनी प्लांटचं रोप. हे खोकं बंगळुरूहून कुरियरने येतं. किहीमला. जिथे चार महिने सायकल भिंतीला टेकवून ठेवली तर तिच्यावर वेल चढतो, तिथे आम्ही बंगळुरूहून झाड मागवतो. ते आलं की मॅनेजर नव्या माणसाला खोक्यासकट उभं करून फोटो काढतो आणि सगळ्या कंपनीला पाठवतो. फोटोखाली तीस-चाळीस जण बदाम टाकतात. बदाम टाकणाऱ्यांपैकी कुणी पुढच्या तीन महिन्यांत त्या माणसाशी पाच मिनिटं बोललं असेल, तर ते मला आठवत नाही.

बोलायचं काम माझं. मी या कंपनीत सोळा वर्षं आहे. आम्ही मालवाहतूकदारांसाठी सॉफ्टवेअर बनवतो: कुठला ट्रक कुठे पोचला, कुठली बिल्टी, म्हणजे मालाची पावती, कुणाच्या नावावर, माल उतरला की नाही. बरीच वर्षं मी नवी मुंबईत काढली. मग मालकांनी किहीमला समुद्राजवळ बंगला घेतला आणि त्यांना साक्षात्कार झाला की निसर्गात माणसं चांगला कोड लिहितात. बंगल्याच्या खालच्या मजल्यावर ऑफिस आलं. नऊ टेबलं, मागे पोहण्याचा तलाव. तलाव बघायचा, उतरायचं नाही. मी मूळची दिवेआगरची, आमची नारळ-सुपारीची वाडी. निसर्ग मला कुणी शिकवायला नको होता, पण घर तेवढंच जवळ येतंय म्हणून मी सगळ्यात आधी हात वर केला. अलिबागला दोन खोल्या घेतल्या आणि किहीमला जाऊ-येऊ लागले.

नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून देतात. त्याला आमच्याकडे 'बडी' म्हणतात. आजवर अकरा जण माझ्या गळ्यात बांधले गेले. दर वर्षी एका मीटिंगमध्ये नवा माणूस घ्यायला कंपनीला काय खर्च येतो ते पडद्यावर दाखवतात. त्यात एजन्सी असते, लॅपटॉप असतो, जाहिराती असतात, ते खोकंसुद्धा असतं. मी त्यात कधीच नसते. माझा अर्धा दिवस दुसऱ्याच्या लॅपटॉपवर वाकून जातो, माझं स्वतःचं काम मी डोकं तापलेलं असताना घाईघाईत उरकते आणि मग त्यात चुका होतात, हे कुठल्याच पडद्यावर येत नाही. मला वाटायचं, हे लोक आंधळे आहेत. आता वाटतं, त्यांना दिसतं. पण जे फुकट मिळतंय त्याच्याकडे निरखून कोण बघतो?

आमच्याकडे एक सेटअपचा दस्तऐवज आहे. सदतीस पायऱ्यांचा. तो वाचत वाचत नव्या माणसाने आमचं सगळं सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर चालू करायचं, म्हणजे मग त्याला कामाला हात घालता येतो. चौदाव्या पायरीवर लिहिलं होतं की अमुक माणसाच्या फोल्डरमधून सरावाच्या डेटाची फाइल घ्या. तो अमुक माणूस पाच वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. त्याचं फोल्डर त्याच्याही आधी गेलं. मी लॅपटॉप बदलला तेव्हा स्वतः चार दिवस या पायरीवर अडकले होते आणि शेवटी त्या माणसाला कॅनडात फोन करून ती फाइल मागवली होती. तेव्हापासून ती माझ्याकडे होती. दस्तऐवजात एवढं लिहायला दोन मिनिटं लागली असती. कुणी लिहिलं नाही. जो ती पायरी ओलांडतो त्याला पुन्हा ती लागत नाही, आणि जो ओलांडत नाही त्याला काय लिहायचं ते ठाऊक नसतं.

वर आमच्यात एक रीतच पडून गेली होती. नव्याला चौदाव्या पायरीबद्दल आधी सांगायचं नाही. 'आपलं आपण शोधू दे, त्यातच माणूस शिकतो,' म्हणायचं, आणि कोण कितव्या दिवशी हात टेकतो यावर चहाच्या वेळी खिदळायचं. आठ-आठ दिवस पगार घेऊन एक शिकलेला माणूस नसलेलं फोल्डर शोधतोय आणि आम्ही त्याला संस्कृती म्हणतोय. आणि मी तरी कुठे वेगळी होते? कुणीतरी चार दिवस डोकं फोडून, चेहरा पाडून, शेवटी माझ्या टेबलाशी यायचं, हे मला आवडायचं. मी एक उसासा टाकून फाइल द्यायचे. तो उसासासुद्धा मी जाणूनबुजून टाकायचे.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर दोघं नवे एकाच दिवशी आले. दोघांची बडी मीच. एक मुलगा, पुण्याच्या कॉलेजातून शिकलेला, एक-दोन वर्षं कुठेतरी काढलेली. कानावर हेडफोन, टेबल चकाचक, काहीही विचारलं की अंगठा वर. मॅनेजरला तो पहिल्या दिवसापासून पसंत पडला. दुसरी थळची मुलगी. कोळ्यांच्या घरातली, वडील नाहीत. आई अलिबागच्या बाजारात मासळी विकायला बसायची, ते बसणं गुडघ्यांनी संपवलं. मुलीने तीन वर्षं ऐरोलीला एका कंपनीत काढली होती, चौघी मिळून एक खोली. आईला एकटीला उठता-बसता येईना म्हणून ती परत आली. मांडव्यापासून मुरूडपर्यंत आमच्या कामाचं दुसरं दार नाही, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तीन महिन्यांनी कंपनीने कायम केलं तर आईजवळ राहून नोकरी. नाही केलं तर पुन्हा ऐरोली, आणि आई शेजारणीच्या भरवशावर.

पहिल्या दिवशी तिने मला मॅडम म्हटलं. मॅनेजर लगेच मधे पडला. "इथे सर-मॅडम नाही हां, वी आर फ्लॅट. नावाने हाक मार." मी तिच्याहून वीस वर्षांनी मोठी. तिच्या तोंडून नाव निघेना. दोन दिवस ती माझ्या टेबलाशी यायची आणि नुसती उभी राहायची, मी मान वर करेपर्यंत. तिसऱ्या दिवशी तिनेच मार्ग काढला आणि ताई म्हणू लागली. मॅनेजरने ते ऐकलं, तोंड वाकडं केलं, पण ताई कुठल्या नियमात बसतं ते त्याला समजलं नाही.

चौदाव्या पायरीवर ती दुसऱ्याच दिवशी पोचली आणि अर्ध्या तासात माझ्यासमोर उभी राहिली. "या फोल्डरचा पत्ता लागत न्हाय."

"शोध की," मी रिवाजाप्रमाणे म्हटलं.

"शोधते. पण ते हाय, का न्हायच? तेवढं सांगा. असलं तर शोधते."

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळे शोधत बसायचे, आपल्यालाच सापडत नाही म्हणून खजील व्हायचे. ती वस्तू मुळात आहे का, हे विचारायची हिंमत एकातही नव्हती. मी उसासा न टाकता फाइल दिली. तिकडे पुण्याचा मुलगा हेडफोन लावून बसलाच होता. काय, कसं चाललंय, मी विचारलं. त्याने अंगठा वर केला. मीही बरं म्हटलं आणि सुटले.

मग ती विचारतच राहिली. सकाळी आल्या आल्या, चहाच्या वेळी, दुपारी जेवताना. जेवायला आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसायचो, कारण स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर पाटी होती: 'तीव्र वासाचे पदार्थ आत खाऊ नयेत.' अलिबाग तालुक्यात ही पाटी. तिच्या डब्यात रोज मासळी, माझ्या डब्यात आठवड्यातून तीनदा, तेव्हा आमची रवानगी बाहेर. तिथे ती भाकरी मोडता मोडता विचारायची. एकच ट्रक एका वेळी दोन गावांत कसा दिसतो? एप्रिल आला की बिल्टीचे नंबर मधलेच का गळतात? गिऱ्हाइकाने रद्द केलेली बिल्टी तीन ठिकाणी का साठवून ठेवलीय? साधे वाटणारे प्रश्न, पण उत्तर द्यायला जावं तर दोन तास जुना कोड उकरावा लागायचा. एप्रिलचं उकरलं तेव्हा तळाशी माझंच नाव निघालं. आठ वर्षांपूर्वी मीच घाईत केलेली चूक. तिला मी म्हटलं, जुनी भानगड आहे, बघते. कुणाची ते सांगितलं नाही.

या मुलीला काम समजत होतं. माझ्या अकरा जणांत तिच्या इतकं लवकर दुसऱ्या कुणाला समजलेलं मी पाहिलं नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे.

डिसेंबरात माझं वर्षाचं मूल्यमापन झालं. समोर आमचा मॅनेजर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हातात कॉफीचा मग. या माणसाने गेल्या चार वर्षांत कोडची एक ओळ लिहिलेली नाही, पण मुद्दा मांडताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढतो. त्याने हवेत एक चौकोन काढला आणि म्हणाला, "तुझं आउटपुट डाऊन आहे यार. सब ठीक है ना घरी?"

मी म्हटलं, "घरी ठीक आहे. माझा अर्धा दिवस नव्यांमध्ये जातो."

"हां, पण ते कल्चर आहे ना. ते काम थोडीच आहे?"

मला 'अपेक्षेप्रमाणे' असा शेरा मिळाला. म्हणजे इतक्या वर्षांनंतर, ठीकठाक. त्या दिवशी मी अलिबागपर्यंत स्कूटर कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. इतका संताप मला फार क्वचित येतो. एका नव्या माणसाला कामाला लावायला मला किती झिजावं लागतं हे मॅनेजरच्या तोंडावर फेकायचं, असं मी ठरवलं.

दुसऱ्या सकाळी मी एक तक्ता उघडला. तारीख, वेळ, प्रश्न काय, उत्तराला किती मिनिटं गेली, माझं कुठलं काम त्यामुळे अडलं. आणि मी नीटनेटकी बाई असल्यामुळे आणखी एक रकाना: कुणी विचारलं. कुणी विचारलं हे लिहायची काही गरज नव्हती. पण आमच्या धंद्यात ज्याचा त्याचा रकाना करायची खोड असते, मोकळा दिसला की भरायचाच. आठवडाभर मागचं आठवून लिहिलं, पुढचं रोजच्या रोज. पायरीवर जेवताना तिने विचारलेलंही लिहिलं. जेवण, वीस मिनिटं, बिल्टी रद्द होण्याबद्दल. ती मला तिच्या डब्यातली बोंबलाची चटणी वाढत होती आणि मी मनात मिनिटं मोजत होते. हे लिहिताना आता माझीच मला किळस येते.

तिने त्याच सुमाराला एक गोष्ट केली. सेटअपचा तो दस्तऐवज तिने सगळा नव्याने लिहिला. सदतीसच्या एकोणीस पायऱ्या केल्या, मेलेले पत्ते काढून टाकले, आणि चौदाव्या पायरीची फाइल सगळ्यांना मिळेल अशा जागी ठेवायची व्यवस्था केली. आमच्याकडे असं काही बदलायचं तर जुन्या माणसाने वाचून मंजूर करावं लागतं. तिने ते माझ्याकडे पाठवलं. "ताई, सवड झाली की बघा."

मी उघडून पाहिलं. चांगलं होतं. बंद करून ठेवलं. आज वाचते, उद्या वाचते. माझा वेळ कसा जातो हे लिहून काढण्यात माझा वेळ जात होता, हे एक कारण. दुसरं कारण मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही: ते मंजूर झालं असतं तर माझ्या टेबलाशी चेहरा पाडून यायची कुणाला गरज उरली नसती. आठवडा गेला, दोन गेले. तिने एकदा आठवण केली. मी हो हो म्हटलं. दुसऱ्यांदा तिने आठवण केली नाही.

जानेवारीत खोपोलीहून फोन आला. एका गोदामात सकाळपासून सहा हमाल बसून होते, सिमेंटचा ट्रक येणार म्हणून. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रक निघालेला दिसत होता, पनवेल सोडलेला दिसत होता. तो ट्रक जगात नव्हताच. शोधता शोधता उलगडा झाला की पुण्याच्या मुलाने चौदाव्या पायरीवर कुणाला काही न विचारता स्वतःच एक वाट काढली होती. सरावासाठीचा डेटा मिळेना म्हणून त्याने आपला लॅपटॉप खऱ्या डेटाला जोडून टाकला होता. तिथे शिरायची परवानगी त्याला मुळात मिळायलाच नको होती, पण रुजू होताना चुकून दिली गेली होती. दोन महिने तो जे जे करून बघत होता ते खऱ्या गिऱ्हाइकांच्या वह्यांत जात होतं. खोटे ट्रक, खोट्या बिल्ट्या, खोटे ड्रायव्हर. त्या सगळ्या वेळी तो अंगठा वर करत होता आणि मी सुटत होते.

ते सगळं वेचून काढायला मला नऊ दिवस लागले. एकेक बिल्टी बघायची, खरी का खोटी ठरवायचं, खोटी असेल तर पुसायची. त्यातल्या तीन दिवस ती थळची मुलगी माझ्या शेजारी बसून याद्या तपासत होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. काम संपल्यावर मॅनेजरने मीटिंग घेतली. अशा मीटिंगचा आमच्याकडे एक पवित्र नियम आहे: काय बिघडलं ते बोलायचं, कुणी बिघडवलं ते नाही. माणसाला दोष द्यायचा नाही, व्यवस्थेत खोट शोधायची. कानाला गोड लागतं. अहवालात लिहिलं गेलं, 'एका लॅपटॉपची जोडणी चुकीची झाली.' लॅपटॉपनेच केली असावी. माझे नऊ दिवस 'डेटा दुरुस्ती' या नावाखाली जमा झाले आणि मुलाचं, त्याने मीटिंगमध्ये मोकळेपणाने भाग घेतला म्हणून, कौतुक झालं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोघांना कायम करायचं की नाही ते ठरवायची बैठक होती. मी, मॅनेजर, आणि पडद्यावर बंगळुरूच्या मनुष्यबळ खात्यातली बाई. मला आधी बोलायचं होतं. मी तक्ता पडद्यावर लावला. दोनशेच्या वर नोंदी. मी म्हटलं, तुम्ही नव्या माणसाचा खर्च म्हणून जे दाखवता ते सगळं वरवरचं आहे, खरा खर्च हा आहे, हा मी सोसते आणि वर ठीकठाक असा शेरा घेते. चांगली बोलले. आवाज चढला नाही. बंगळुरूची बाई पुढे सरकून बघू लागली. मॅनेजरने कॉफीचा मग खाली ठेवला. मला वाटलं, लागलं एकदाचं वर्मी.

"हा डेटा भारी आहे," तो म्हणाला. "असा डेटा आपल्याकडे नव्हताच." त्याने माउस आपल्याकडे घेतला आणि 'कुणी विचारलं' या रकान्यावर एकदा टिचकी मारली. तक्ता नावांप्रमाणे लागला. वरून खालपर्यंत तिचं नाव. एक पान, दोन पानं, पाच पानं, तिचं नाव. अगदी शेवटी चार ओळी पुण्याच्या मुलाच्या. त्यातल्या दोन वायफायच्या पासवर्डच्या होत्या.

मॅनेजरने तक्ता पुन्हा वरपर्यंत सरकवला. मग बंगळुरूची बाई म्हणाली, "ही तर खूपच डिपेंडंट आहे."

"आणि तो एकदम इंडिपेंडंट," मॅनेजर म्हणाला.

मला पहिल्यांदा वाटलं की हे थट्टा करतायत. मी म्हटलं, "अहो, खोपोलीचं काय? माझे नऊ दिवस गेले त्याच्यापायी. त्याने एक प्रश्न विचारला असता तर तेही गेले नसते."

मॅनेजरने हवेत चौकोन काढला. "ते वेगळं. तो इन्सिडंट होता. इन्सिडंटमध्ये आपण नाव घेत नाही. तूच तर सीनियर आहेस, तुला माहीत आहे."

"पण इथे नाव चालतं?"

"इथे तूच लिहिलंयस ना."

बंगळुरूच्या बाईने समजुतीचा आवाज लावला. माझ्यासारख्या जुन्या माणसावर इतका भार पडणं कंपनीला मान्य नाही, म्हणाली. माझ्या तब्येतीची त्यांना काळजी आहे, म्हणाली. माझ्याच काळजीपोटी ते त्या मुलीला कायम करणार नव्हते. मी खर्च दाखवायला गेले होते आणि त्यांनी तो कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय काढला. दहा मिनिटं लागली नाहीत.

मी भांडले. ती हुशार आहे, म्हटलं. तिचे प्रश्न चांगले आहेत, तिच्यामुळे आपल्या चुका सापडल्या, म्हटलं. मॅनेजर म्हणाला, "ओके, पण कॉन्क्रीट काही? असं काही जे तिने स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय, पूर्ण करून दिलं?"

एकोणीस पायऱ्यांचा दस्तऐवज माझ्याकडे होता. पाच आठवडे पडून होता. मी तिथेच लॅपटॉप वळवून तो दाखवू शकत होते. पण मग पुढचा प्रश्न आला असता: हा पाच आठवडे मंजूर का झाला नाही? आणि तो नुसता पडून आहे हे सगळ्यांना दिसलं असतं, तारखेसकट, माझ्या नावाखाली. दोनशे नोंदी करायला जिला वेळ मिळाला तिला एकोणीस ओळी वाचायला मिळाला नाही. लॅपटॉपकडे गेलेला हात मी मागे घेतला. मग म्हटलं, "तसं चटकन सांगता येणार नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि कॉफीचा मग उचलून उठला.

शुक्रवारी अकरा वाजता तिला आत बोलावून पडद्यावरून सांगितलं. तक्तासुद्धा दाखवला, निर्णय कशाच्या आधारावर घेतला ते समजावं म्हणून. पारदर्शकता हा आमचा आणखी एक गुण. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, लॅपटॉप आणि चार्जर मॅनेजरच्या टेबलावर ठेवला, सही केली. पुण्याच्या मुलाने हेडफोन काढून तिला निरोप दिला. मग ती आईला फोन करायला मागच्या पायरीवर गेली आणि मीही तिच्या मागोमाग गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"व्हय गे, येतंय जेवाला," ती फोनवर सांगत होती. "न्हाय, सुट्टी न्हाय. सांगतंय घरी आल्यावर." आईने आणखी काही विचारलं असावं. "ऐरोलीचं बघंन परत. तू नको आता रडू." फोन ठेवून ती वळली तेव्हा मी दारात होते. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मला कुणी शिव्या दिल्या तर मला उत्तर देता येतं, त्यात मी पटाईत आहे.

ती म्हणाली, "ताई, माझ्यापायी तुमचं काम अडतंय ते तुम्ही मला सांगायचं होतंत. मी न्हाय विचारलं असतं."

एवढंच. टोमणा नव्हता त्यात. खरोखरच तिला वाटत होतं की आपण एका भल्या बाईला त्रास दिला आणि आपल्याला ते कळलं नाही. ती माझी माफी मागत होती.

मी म्हटलं, "थळपर्यंत सोडू का स्कूटरवर?"

"नको. रिक्षा मिळंल नाक्यावर."

ती पर्स खांद्याला लावून बंगल्याला वळसा घालून फाटकाकडे गेली. मी पायरीवरच उभी राहिले. मॅनेजरला मी मूर्ख म्हणते, त्या बंगळुरूच्या बाईला म्हणते, हवेतल्या चौकोनांना, खोक्यांना, नियमांना नावं ठेवते, आणि त्यातला एक शब्द मागे घ्यायची माझी तयारी नाही. पण त्या मुलीने काय करून ठेवलं होतं हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं. सरळ, मराठीत, तोंडावर विचारलं होतं, आणि मला उत्तर येत होतं.